डिंगी शर्यतींतील शिडे : अधिकृत व प्रतिकृती

एकाच आराखड्यानुसार बांधलेल्या लहान शिडाच्या नौकांच्या शर्यतींत वापरावयाचे जे शीड संबंधित नौकावर्गाच्या संघटनेने मान्य केलेल्या उत्पादकाकडून, ठरवून दिलेल्या तपशिलांबरहुकूम तयार झालेले असते, त्यास अधिकृत शीड म्हणतात. त्याच मापाचे, त्याच डोलकाठीवर चढणारे, परंतु अशा मान्यतेवाचून अन्य उत्पादकाने बनविलेले व बहुधा बरेच स्वस्त असलेले शीड म्हणजे प्रतिकृती शीड होय. सराव-शीड या नावानेही ते विकले जाते. दोहोंपैकी कोणते वापरावे हा प्रश्न वरवर केवळ किमतीचा वाटतो. तथापि शर्यतीतील समता म्हणजे काय आणि ती टिकविण्याचा खर्च कोणी सोसावयाचा, हा मूळ प्रश्न त्यामागे आहे. डिंगी हा शब्द हिंदी-बंगाली भाषांतून इंग्रजीत गेला असून आज तो लहान, उघड्या व एकदोन माणसांना हाताळता येण्याजोग्या नौकेस लावतात.

एक-आराखडा तत्त्व : एकोणिसाव्या शतकात नौकाशर्यतींत भिन्न आकारांच्या नौका उतरत व त्यांच्या मापांवरून त्यांना वेळेची सवलत देण्यात येई. या पद्धतीत नव्या व महागड्या नौकेपुढे जुनी नौका लवकरच निष्प्रभ ठरे आणि तिची किंमतही घसरे. यावर उपाय म्हणून आयर्लंडमधील टॉमस मिडलटन यांनी सर्वांच्या नौका एकाच आराखड्याच्या असाव्यात अशी कल्पना मांडली व १८८७ मध्ये डब्लिनच्या उपसागरात ‘वॉटर वॅग’ हा वर्ग सुरू झाला. एक-आराखडा पद्धतीचा हा जगातील पहिला वर्ग मानला जातो. त्यानंतर स्टार (१९११), स्नाइप (१९३१), ऑप्टिमिस्ट (१९४७) इ. अनेक वर्ग निर्माण झाले. नौका सारख्या असल्या म्हणजे जय-पराजय नाविकाच्या कौशल्यावर ठरतो व खर्चाची चढाओढ थांबते, असा दुहेरी हेतू या तत्त्वामागे प्रारंभापासून आहे. अधिकृत व प्रतिकृती शिडांच्या वादात हेच दोन हेतू एकमेकांसमोर उभे ठाकतात.

समता राखण्याच्या पद्धती : एक-आराखडा वर्गांत समता दोन प्रकारे राखली जाते. पहिल्या प्रकारात वर्गाचे नियम शिडाच्या कडांची लांबी, निरनिराळ्या उंचीवरील रुंदी, कापडाचा प्रकार, पट्ट्यांची संख्या इ. गोष्टींच्या कमाल-किमान मर्यादा ठरवून देतात. त्या मर्यादांत राहून कोणीही शीड शिवावे. मापनाधिकाऱ्याने ते तपासून त्यावर खूण केली की ते शर्यतीस पात्र ठरते. स्नाइप, ऑप्टिमिस्ट, एंटरप्राइझ, फायरबॉल, ४७० हे वर्ग या प्रकारात मोडतात. अशा वर्गांत शिडे शिवणाऱ्यांत स्पर्धा असते व ‘प्रतिकृती’ ही संकल्पनाच तेथे संभवत नाही. जे शीड मापात बसते ते अधिकृत ठरते.

दुसऱ्या प्रकारात मापनाऐवजी निर्मितीवर नियंत्रण असते. नौकेचे सांगाडे, डोलकाठ्या व शिडे परवानाधारक उत्पादकांकडूनच घ्यावी लागतात आणि नाविकाने त्यांत स्पष्ट अनुमतीवाचून काहीही फेरफार करावयाचा नसतो. येथे नियम शिडाचे माप सांगत नाही, तर त्याचे उगमस्थान सांगतो. अमेरिकेतील सनफिश व मूळची कॅनडातील लेझर हे या प्रकाराचे प्रमुख वर्ग होत. प्रतिकृती शिडांचा प्रश्न उद्‌भवतो तो या दुसऱ्या प्रकारात, आणि त्याचे सर्वांत ठळक उदाहरण लेझर वर्गात आढळते.

लेझर वर्ग : कॅनेडियन नौकाभिकल्पक ब्रूस कर्बी यांनी १९६९ मध्ये इअन ब्रूस यांच्या सूचनेवरून मोटारीच्या टपावर नेता येईल अशा एका नौकेचा आराखडा रेखाटला. तिचे शीड हान्स फॉग यांनी तयार केले. १९७० मध्ये अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यात एक हजार डॉलरांहून कमी किमतीच्या नौकांसाठी ‘अमेरिकाज टीकप’ या नावाची शर्यत भरविण्यात आली, तीत या नौकेचा प्रथम नमुना उतरला होता. १९७१ च्या प्रारंभी न्यूयॉर्क येथील नौकाप्रदर्शनात ती ‘लेझर’ या नावाने विक्रीस आली. तिची लांबी सु. ४.२ मी. व सांगाड्याचे वजन सु. ५९ किग्रॅ. असून ती एकच नाविक चालवितो. तिला एकच शीड असते व त्याच्या पुढील कडेस असलेल्या खोळीत दोन तुकड्यांची डोलकाठी ओवली जाते.

मूळच्या शिडाचे क्षेत्रफळ ७.०६ चौ. मी. असून वजनाने हलक्या नाविकांसाठी पुढे ५.७६ चौ. मी.चे ‘रेडियल’ व ४.७ चौ. मी.चे ‘४.७’ अशी दोन लहान शिडे प्रचारात आली. तिन्हींत सांगाडा तोच राहतो. केवळ शीड व डोलकाठीचा खालचा तुकडा बदलतो. पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा १९७४ मध्ये बर्म्यूडा येथे झाली. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकपासून हा वर्ग ऑलिंपिकमध्ये आहे व २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकपासून स्त्रियांसाठी रेडियल शिडाचा समावेश झाला. आजवर दोन लाखांहून अधिक नौका बांधल्या गेल्याने सुट्या भागांची व विशेषतः शिडांची बाजारपेठ फार मोठी झाली आहे. जी नौका स्वस्ताईच्या ध्येयातून जन्मली, तिच्याच शिडाच्या किमतीविषयी पुढे तक्रार व्हावी, यामागे शिडाचा स्वभाव व वर्गाची रचना अशी दोन्ही कारणे आहेत.

शिडाची घडण व झीज : शीड हा सपाट पडदा नसतो. कापडाच्या पट्ट्यांच्या कडा किंचित वक्र कापून त्या एकमेकींस शिवल्या म्हणजे शिडास ठरावीक फुगवटा येतो. हा फुगवटा किती खोल आहे व तो पुढील कडेपासून किती अंतरावर आहे, यांवर शिडास वाऱ्यापासून मिळणारी शक्ती अवलंबून असते. वाऱ्याच्या उगमाकडे तिरकस जाताना शीड विमानाच्या पंखासारखे कार्य करते व त्या वेळी आकारातील लहानसा फरकही नौकेच्या वेगात व दिशेत जाणवतो.

डिंग्यांची शिडे बहुधा पॉलिएस्टरच्या विणलेल्या कापडाची असतात. डेक्रॉन या व्यापारी नावाने ते परिचित आहे. असे कापड उभ्या व आडव्या धाग्यांच्या दिशेने फारसे ताणले जात नाही, परंतु तिरकस दिशेने ताणले जाते. हा ताण रोखण्यासाठी विणीत कृत्रिम राळ भरून कापड कडक करतात. वाऱ्यात शीड फडफडले, घडी पडली किंवा वारंवार जोराने ओढले गेले म्हणजे ही राळ भंगते. उन्हातील जंबुपार किरणांनी धागेही कमकुवत होतात. परिणामी कापड मऊ पडते, फुगवटा वाढून मागे सरकतो व मागील कड नीट ताठ राहत नाही. शीड फाटण्याच्या पुष्कळ आधी त्याचा शर्यतीतील उपयोग संपलेला असतो.

या झिजेमुळे एक विसंगती निर्माण होते. सर्वांची शिडे एकाच साच्याची असली, तरी नवे शीड व वर्षभर वापरलेले शीड ही एकसारखी नसतात. प्रत्येक मोठ्या स्पर्धेस नवे शीड घेऊ शकणाऱ्या नाविकास जुन्या शिडाच्या नाविकापेक्षा लाभ मिळतो. आराखड्याने दाराबाहेर घालविलेली खर्चाची चढाओढ अशा रीतीने झिजेच्या वाटेने परत आत येते.

अधिकृत शीड : लेझर वर्गाच्या मूलभूत नियमाप्रमाणे सांगाडा, डोलकाठी, शीड व शिडात घालावयाच्या पट्ट्या ही सर्व परवानाधारक उत्पादकाने निर्मितिपुस्तिकेतील तपशिलांनुसार बनविलेली असली पाहिजेत. ही पुस्तिका आंतरराष्ट्रीय नियामक संस्थेकडे नोंदलेली असते. शिडे मोजक्या नामांकित कारखान्यांत शिवून घेतली जातात. शिडाच्या पुढील खालच्या कोपऱ्याजवळ मान्यतेची गुंडी बसविलेली असते व तीवरून शीड अधिकृत असल्याचे ओळखता येते.

अधिकृत शिडाची किंमत केवळ कापड व शिलाई यांवर ठरत नाही. शिवणारा कारखाना, नौका बांधणारा परवानाधारक व स्थानिक विक्रेता अशा साखळीतून ते नाविकाच्या हाती येते व प्रत्येक टप्प्यावर किंमत वाढते. शिवाय किमतीचा काही अंश शुल्काच्या रूपाने वर्गसंघटनेकडे जातो. नियमांची देखरेख, स्पर्धांचे आयोजन, मापनाधिकाऱ्यांचे प्रशिक्षण व उत्पादनाची तपासणी ही कामे अशा उत्पन्नावर चालतात.

प्रतिकृती शीड : प्रतिकृती शिडे शिवणारे उत्पादक अधिकृत शिडाची मापे घेऊन तशाच कापडाचे शीड तयार करतात व मधली साखळी टाळून ते थेट ग्राहकास विकतात. शुल्काचा बोजाही त्यांच्यावर नसतो. त्यामुळे अशी शिडे बहुधा अधिकृत शिडाच्या निम्म्या किंवा त्याहूनही कमी किमतीत मिळतात. प्रतिकृती शीड व बनावट शीड यांत भेद केला पाहिजे. वर्गाचे चिन्ह व मान्यतेची गुंडी लावून खोटेपणाने विकलेले शीड बनावट ठरते व तसे करणे व्यापारचिन्हाच्या कायद्याचा भंग होय. प्रतिकृती शिडावर मात्र अशी चिन्हे नसतात. ते अमुक नौकेस योग्य असे सराव-शीड म्हणून उघडपणे विकले जाते. ते बाळगणे किंवा वापरणे यात गैर काही नाही. त्यानिशी वर्गनियमांखाली होणाऱ्या शर्यतीत मात्र उतरता येत नाही.

दर्जाच्या दृष्टीने प्रतिकृती शिडे एकाच प्रतीची नसतात. काही अधिकृत शिडाहून निकृष्ट, तर काही त्याच्या तोडीची असतात. निर्मितिपुस्तिकेचे बंधन नसल्याने काही उत्पादक अधिक जाड वा अधिक टिकाऊ कापड वापरतात, तर काही पट्ट्यांची मांडणी बदलून ताणाच्या दिशेस अनुसरून त्या कोपऱ्यांपासून पसरत्या ठेवतात. अशा शिडाचा आकार अधिक काळ टिकतो. प्रतिकृती शीड अधिकृत शिडापेक्षा चांगले असू शकते, ही गोष्ट या वादात विशेष महत्त्वाची ठरली आहे.

मतभेदांचे स्वरूप : प्रतिकृती शिडांचे समर्थक असे मांडतात, की कौशल्याची कसोटी हाच शर्यतीचा हेतू असेल, तर महागडे व लवकर मऊ पडणारे शीड सक्तीने घ्यावयास लावणे त्या हेतूस बाधक आहे. विद्यार्थी, नवशिके व लहान क्लबांचे सभासद यांना नव्या शिडाचा खर्च परवडत नाही. ते जुनी शिडे वापरून मागे पडतात किंवा खेळच सोडतात. शर्यतीत उतरणाऱ्या नौकांची संख्या घटल्यास काटेकोर समतेलाही अर्थ उरत नाही.

याउलट वर्गसंघटनांचे म्हणणे असे, की शीड चांगले आहे की वाईट हा प्रश्नच नाही. ते इतरांसारखे आहे की नाही एवढाच प्रश्न आहे. एकदा बाहेरच्या शिडास वाव दिला, की कोणत्या उत्पादकाचे शीड अधिक वेगवान याचा शोध सुरू होईल व प्रत्येक हंगामात नवे ‘सर्वोत्तम’ शीड विकत घ्यावे लागेल. मग मापे, मर्यादा, तपासणी ही सर्व यंत्रणा उभारावी लागेल व वर्गाचे स्वरूप पहिल्या प्रकारच्या वर्गांसारखे होईल. त्या वर्गांत उच्च पातळीवरील नाविकांचा शिडांवरील खर्च कमी असतोच असे नाही. शिवाय वर्गाची संघटना ज्या शुल्कावर चालते ते न भरता तिने घडविलेल्या बाजारपेठेचा लाभ घेणे उचित नव्हे, असाही आक्षेप घेण्यात येतो.

दोन्ही पक्ष समतेचेच नाव घेतात. पहिला पक्ष शर्यतीत येण्याच्या संधीची समता मागतो, तर दुसरा शर्यतीत आल्यानंतरच्या साधनांची समता राखू पाहतो. ज्या वर्गात अधिकृत शीड रास्त किमतीचे व टिकाऊ असते, तेथे या दोहोंत विरोध उरत नाही. जेथे ते तसे नसते, तेथे प्रतिकृती शिडांचा खप वाढतो. प्रतिकृतींचा प्रसार हे म्हणूनच नियमभंगापेक्षा अधिकृत मालाच्या किमतीविषयीच्या असमाधानाचे लक्षण मानले पाहिजे.

सुधारणा व परवाने : लेझर वर्गाने या असमाधानाची दखल २०१५-१६ च्या सुमारास घेतली. मोठ्या शिडाची नवी आवृत्ती त्या वेळी प्रचारात आली. तीत पूर्वीच्या ३.८ औंसांऐवजी ४.५ औंसांचे कापड वापरण्यात आले. शीडकामात औंसांचे माप ३६ × २८.५ इंच आकाराच्या तुकड्यावर धरतात. त्या हिशेबाने हे वजन दर चौ. मी. सु. १६३ ग्रॅ. वरून सु. १९३ ग्रॅ. वर गेले. आडव्या पट्ट्यांऐवजी कोपऱ्यांपासून पसरणाऱ्या पट्ट्यांची मांडणी स्वीकारण्यात आली व कोपऱ्यांची ठिगळे मोठी करण्यात आली. वेग न वाढविता आयुष्य वाढविणे हा या बदलाचा उद्देश होता, म्हणूनच जुने शीड बाद ठरविण्यात आले नाही. काही प्रतिकृती उत्पादकांनी आधीच वापरलेली तत्त्वे अशा प्रकारे अधिकृत शिडातही आली.

परवान्यांची व्यवस्था २०१९ मध्ये अधिक मूलगामी रीतीने बदलली. कारखान्याच्या तपासणीवरून वर्गसंघटना व यूरोपातील परवानाधारक उत्पादक यांच्यात मतभेद होऊन त्यांच्यातील करार संपुष्टात आला. ‘लेझर’ या नावाचे व्यापारचिन्ह संघटनेच्या मालकीचे नसल्याने तिने नौकेस ‘आयएलसीए’ हे आपले आद्याक्षरी नाव दिले व तीन शिडांच्या प्रकारांना अनुक्रमे आयएलसीए ७, आयएलसीए ६ व आयएलसीए ४ असे संबोधण्यात येऊ लागले. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय नियामक संस्थेने ऑलिंपिकमधील साधनांचे परवाने न्याय्य, वाजवी व भेदभावरहित अटींवर खुले असावेत, असे धोरण अंगीकारले. विहित तपशील पाळण्यास तयार असलेल्या निरनिराळ्या देशांतील उत्पादकांना त्यामुळे मान्यता मिळू लागली. सारखेपणा राखण्यासाठी मक्तेदारी अपरिहार्य नाही, हे तत्त्व यातून मान्य झाले. अधिकृत असण्याची अट मात्र कायम राहिली.

व्यवहारातील तडजोडी : प्रत्यक्षात बहुतेक नाविक दोन शिडे बाळगतात. रोजच्या सरावासाठी प्रतिकृती किंवा जुने शीड व स्पर्धेसाठी जपून ठेवलेले अधिकृत शीड अशी ही वाटणी असते. सरावात अधिकृत शिडाची झीज होत नाही, हा तिचा लाभ. मात्र वेगळ्या शिडावर केलेला सराव स्पर्धेतील शिडास तंतोतंत लागू पडत नाही, ही तिची मर्यादा होय. काही क्लब आपल्या साप्ताहिक शर्यतींत प्रतिकृती शिडे चालवून घेतात. नौकाशर्यतींच्या आंतरराष्ट्रीय नियमांतील ८७ व्या नियमाप्रमाणे वर्गाचा नियम शर्यतीच्या सूचनापत्राद्वारे बदलावयाचा असल्यास वर्गनियमांतच तशी मुभा असावी लागते किंवा वर्गसंघटनेची लेखी परवानगी लागते. त्यामुळे अशी सवलत औपचारिक स्पर्धांना लागू होत नाही. साधने वर्गनियमांस धरून ठेवण्याची जबाबदारी नौकेच्या मालकावर व चालकावर असते. प्रतिस्पर्धी हरकत घेऊ शकतो व नियमबाह्य शीड वापरल्याचे सिद्ध झाल्यास नौका बाद होऊ शकते. ऑलिंपिकमध्ये या वर्गाच्या नौका व शिडे आयोजकांकडूनच पुरविण्यात येतात; साधनांच्या समतेचा तो सर्वांत पूर्ण, पण सर्वांत खर्चिक मार्ग होय.

भारत : मुंबईच्या बंदरात झालेल्या १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या नौकाशर्यतींत एंटरप्राइझ, फायरबॉल व ओके डिंगी हे मापनावर आधारलेले वर्ग होते; फायरबॉलमध्ये फारूख तारापोर व झरीर करंजिया यांनी भारतास सुवर्णपदक मिळवून दिले. त्यानंतरच्या काळात ऑलिंपिकचा वर्ग म्हणून लेझरचे महत्त्व वाढले. टोकिओ (२०२१ मध्ये झालेल्या) व पॅरिस (२०२४) येथील ऑलिंपिक स्पर्धांत विष्णू सरवणन व नेत्रा कुमनन यांनी या वर्गातील अनुक्रमे मोठ्या व मध्यम शिडाच्या शर्यतींत भारताचे प्रतिनिधित्व केले. हांगजो येथे २०२३ मध्ये झालेल्या आशियाई स्पर्धांत सरवणन यांना आयएलसीए ७ मध्ये कांस्यपदक व भोपाळच्या राष्ट्रीय नौकानयन विद्यालयात शिकलेल्या नेहा ठाकूर यांना आयएलसीए ४ मध्ये रौप्यपदक मिळाले. भारतात या खेळाचे प्रशिक्षण मुख्यत्वे भूसेना, नौसेना, शासकीय विद्यालये व मोजके क्लब यांच्या आश्रयाने चालते. मुंबईतील भूसेनेचे नौकानयन केंद्र हे त्यांपैकी एक प्रमुख केंद्र होय. साधने संस्थेची असल्यामुळे शिडाचा खर्च येथे बहुधा नाविकावर थेट पडत नाही. परंतु एकच शीड अनेक शिकाऊंच्या हातून जात असल्याने ते लवकर झिजते. सरावासाठी स्वस्त शीड व स्पर्धेसाठी अधिकृत शीड ही वाटणी म्हणून अशा प्रशिक्षणसंस्थांना विशेष उपयुक्त आहे.